उपवासाची भगर : घ्यावी कशी, ठेवावी कशी, शिजवावी कशी



उसाचे बेणे, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या यांविषयी आपण या पानांतून नेहमीच बोलतो. आज मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या एका डब्याविषयी बोलावयाचे आहे. तो डबा भगरीचा. आपला जिल्हा आई तुळजाभवानीचा. घटस्थापनेपासून नऊ दिवस उपवास धरणारी घरे आपल्या कार्यक्षेत्रात गावोगाव आहेत. त्यात महाशिवरात्र, आषाढी-कार्तिकी आणि महिन्याच्या दोन एकादश्या धरल्या, तर वर्षाकाठी भगर आपल्या पोटात जाते तरी किती याचा हिशेब ज्याचा त्यानेच करावा. उपवास सोडा असे सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसा विचारही नाही. पण मराठवाड्यात नवरात्र आले, शिवरात्र आली, की भगर खाऊन अमक्या गावात इतक्या जणांना उलट्या, तमक्या गावात इतके जण दवाखान्यात, अशा बातम्या वरचेवर येतात. चार दिवस चर्चा होते, पाचव्या दिवशी आपण विसरतो आणि पुढच्या सणाला पुन्हा तोच डबा, तीच भगर.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा नावाचे गाव आहे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी तेथे हरिनाम सप्ताह चालू होता. दिवस एकादशीचा, म्हणून रात्री प्रसादाला भगर आणि आमटी. प्रसाद घेतल्यावर थोड्याच वेळात माणसांना मळमळ, उलट्या, चक्कर सुरू झाली. शेकडो लोक बाधित झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात नेले तर तेथे इतक्या खाटा कुठून असणार? आवाराबाहेर जमिनीवरच माणसे झोपविली, झाडांना दोऱ्या बांधल्या आणि त्या दोऱ्यांना सलाइनच्या बाटल्या लटकविल्या. ती छायाचित्रे सगळ्या देशाने पाहिली. देवाच्या दारात श्रद्धेने हात पुढे केलेली ती माणसे होती. सप्ताह आपल्याही प्रत्येक गावात होतो, म्हणून हा प्रसंग आपण आपलाच समजावा.

आता भगरीतच असे काय आहे? खरे पाहता भगर हे गुणी धान्य आहे. वरई म्हणा, भगर म्हणा, हे हलक्या जमिनीचे, डोंगरउताराचे पीक. नाशिक, अकोले या घाटमाथ्याच्या पट्ट्यात ते पिकते. दाण्याला वरून टरफल असते तोवर तो सुरक्षित असतो. गिरणीत टरफल काढले, दाणा घासून पांढरा केला, की त्याचे चिलखत गेले. मग हवेतली ओल तो ओढून घेतो, आणि ओल आली की बुरशी धरते. अन्न व औषध प्रशासनाने सणांच्या तोंडावर वेळोवेळी ज्या सूचना काढल्या, त्यांत या बुरशीचे कूळ अ‍ॅस्परजिलस असे सांगितले आहे आणि तिच्यापासून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार होतात असे म्हटले आहे. नावे अवघड आहेत, ती लक्षात नाही राहिली तरी चालेल. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की भगरीचा दाणा विषारी नसतो, त्यावर वाढलेली बुरशी मागे विष सोडते.

यात दिवसांचाही खेळ आहे. वरईचे नवे पीक निघते पावसाळा सरल्यावर. नवरात्र येते त्याच्या आधी किंवा ऐन तोंडावर. म्हणजे घटस्थापनेला आपण जी भगर आणतो ती बहुधा गेल्या वर्षीच्या पिकाची असते. टरफल काढून, पोत्यात भरून, सगळा पावसाळा कुठल्या तरी गोदामात काढून ती आपल्या दुकानात आलेली असते. सादळलेल्या साखरेच्या पोत्याचे काय होते हे आपणांस ठाऊक आहे. भगरीचे तसेच होते, फक्त ते डोळ्यांना लवकर दिसत नाही.

गावात हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या आजीनं जन्मभर भगर खाल्ली, तिला कधी काय झालं नाही, मग आताच हे काय नवीन निघालंय?" प्रश्न रास्त आहे. पण जुन्या रीतीत वरई टरफलासकट ठेवीत आणि लागेल तेवढीच कांडून, पाखडून त्याच दिवशी शिजवीत. चिलखत शेवटच्या दिवसापर्यंत अंगावर असे. आता टरफल निघते एका जिल्ह्यात, पोती भरतात, ट्रकमधून दुसऱ्या जिल्ह्यात जातात, तेथून तालुक्याच्या बाजारात, तेथून गावच्या किराणा दुकानात आणि तेथून आपल्या डब्यात. आजीची भगर आणि आपली भगर यांत हा एवढा मोठा प्रवास आहे. भगर तीच असली तरी रीत तीच राहिलेली नाही.

दुसरे म्हणणे त्याहून धोक्याचे. "शिजवलं की सगळं मरतंय." बुरशी मरते हे खरे. पण बुरशीने दाण्यात सोडलेले विष बहुतांशी चुलीच्या आचेला दाद देत नाही. भाजली, उकळली, भाकरी थापून तव्यावर खरपूस केली, तरी ते राहते. उसाचेच पाहा ना. तोडलेला ऊस फडात चार-पाच दिवस पडून राहिला, गव्हाणीत पडायला उशीर झाला, की आतली साखर मोडते आणि उतारा घसरतो. मग रस कितीही उकळा, गेलेली साखर काही परत येत नाही. बिघाड आधी झालेला असतो, आच नंतर लागते.

हा बिघाड केवढा भारी पडू शकतो याची दोन उदाहरणे आपल्या देशातलीच आहेत. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत मका काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका तसाच साठविला आणि गरिबांनी पोटासाठी तोच खाल्ला. त्यावर अ‍ॅस्परजिलस कुळातलीच बुरशी होती. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि १०६ माणसे दगावली. दुसरे उदाहरण जंगलातले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड येथे दहा हत्ती मेले. त्यांनी शेतातला कोदो भरपूर खाल्ला होता. कोदो म्हणजे आपल्या कोकणातला हरीक, भगरीसारखेच बारीक धान्य. तपासणीत बुरशीजन्य विष सापडले, सायक्लोपियाझोनिक आम्ल त्याचे नाव. जे हत्तीला पचले नाही ते नऊ दिवस अर्धपोटी असलेल्या आपल्या लेकीसुनेला कसे पचावे? उपाशी पोट, दिवसभर रानात खुरपणी नाहीतर घरात कामाचा रगाडा, आणि संध्याकाळी पोटात पहिला घास भगरीचा. घरातले बाकीचे दोन घास खाऊन उठतात, उपवासवालीचे सगळे जेवणच ते.

म्हणून सुरुवात दुकानापासून करू. पोत्यातली सुटी भगर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुट्या भगरीत जुना माल नव्यात मिसळला तरी कळत नाही आणि काही झालेच तर ती कोणाची हे सांगता येत नाही. बंद पाकीट घ्यावे. पाकिटावर बनविणाराचे नाव-पत्ता, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावी ती तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर असतो. हे सारे घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण उलटसुलट करून पाहतो, मग पोटात जाणाऱ्या वस्तूचे का पाहू नये? दोन पाकिटांत पॅकिंगची तारीख जवळची असेल ते घ्यावे. आणि पावती मागावी. "गावातलाच माणूस, त्याला पावती काय मागायची," असा संकोच आपल्याकडे फार. दुकानदारालाही सांगणे आहे, की पावती देण्यात त्याचेच संरक्षण आहे. बुरशी काही त्याने पेरलेली नसते. माल कोणाकडून आला हे कागदावर असेल तर बोट मूळ जागी जाते.

पाकीट असले म्हणजे सारे निर्धोक असे मात्र समजू नये. घरी आल्यावर भगर ताटात पसरून पाहावी. दाणा मोकळा, कोरडा, मळकट पांढरा असावा. हाताला ओलसर लागली, गुठळ्या निघाल्या, काळे-हिरवे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला, तर चाळून, निवडून, धुऊन वापरण्याच्या फंदात पडू नये. पाकीट तसेच परत करावे. साठ-सत्तर रुपयांकडे पाहून मन खाते हे आम्ही जाणतो, पण दवाखान्याची पायरी त्याहून महाग.

पिठाविषयी जरा जोर देऊन सांगावयाचे आहे. नवरात्रात भगरीच्या पिठाची भाकरी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि त्रास होण्याची भीती याच भाकरीत अधिक. एक तर पीठ झाल्यावर दाणा कसा होता हे पाहण्याची सोयच उरत नाही. किडका, बुरसलेला, खडा-माती असलेला, सगळा एकाच पांढऱ्या रंगात लपतो. दुसरे, पिठाला ओल फार लवकर लागते. म्हणून तयार भगरीचे पीठ, मग ते सुटे असो की पिशवीतले, विकत घेऊ नये. भाकरी हवीच असेल तर निवडलेली, कोरडी भगर घरच्या मिक्सरवर किंवा जात्यावर त्या दिवसापुरती दळावी. नऊ दिवसांचे पीठ एकदम गिरणीतून आणून ठेवण्याची सवय तर मोडलीच पाहिजे.

साठवणीचे सूत्र साधे आहे, लागेल तेवढेच आणावे. अर्धा किलोचे पाकीट फोडले की कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. डबा ओलीच्या भिंतीला, मोरीच्या बाजूला नको. ओला चमचा आत घालू नये. आषाढीची उरलेली भगर नवरात्रात काढणे, नवरात्राची शिवरात्रीला काढणे, हे काटकसरीचे लक्षण वाटते खरे. पण आषाढी ते नवरात्र म्हणजे सगळा पावसाळा, हे विसरू नये. २०२५ च्या सप्टेंबरात, ऐन घटस्थापनेच्या सुमारास, आपल्या जिल्ह्यात परंडा, भूम भागात पुराचे पाणी घराघरांत शिरले आणि धान्याच्या कणग्या, डबे भिजले. त्या वेळी अनेकांनी भिजलेले धान्य उन्हात घालून वाचविण्याची धडपड केली असेल. माणसाचा जीव धान्यात अडकतोच. तरीही पुराच्या पाण्यात भिजलेली भगर, शेंगदाणे, पीठ वाळवून खाऊ नये. बुरसलेले असेल तर जनावरालाही घालू नये. दुभत्या जनावराने खाल्लेल्या बुरशीचे विष दुधातून परत आपल्याच घरात येते.

शेंगदाण्याचे नाव निघाले म्हणून आमटीविषयी दोन शब्द. भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी ही आपली जोडी. पण शेंगदाण्यावरही अशीच बुरशी धरते आणि तिचे विष, अफ्लाटॉक्सिन, यकृताला घातक असते. बांसवाड्याच्या मक्यात होते ते हेच. ओल्या शेंगा ढीग करून ठेवल्या की हे होते. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे कुटात घालू नयेत. एक कडू दाणा तोंडात आला तर आपण थुंकतो, पण कूट करताना तेच दहा दाणे निमूट आत जातात. कूटही ताजे करावे.

घरची भगर चार माणसांची असते. सप्ताहाची, नवरात्र मंडळाची, अन्नदानाची भगर पाचशे-हजार माणसांची असते आणि तेथे आणखी एक धोका उभा राहतो. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारे भक्त, शेगावहून आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाणारी गजानन महाराजांची पालखी, यांच्या वाटेवर आपले लोक मनापासून फराळ वाटतात. हे पुण्यकर्म आहे यात शंका नाही. परंतु मोठ्या पातेल्यातली भगर दुपारी शिजते आणि रात्री कीर्तन संपल्यावर वाढली जाते. मधले पाच-सहा तास ती झाकून कोमट राहते. भात, भगर अशा पदार्थांत जे जंतू असतात त्यांपैकी काही शिजविण्याच्या आचेतूनही बीजरूपाने वाचतात. अन्न कोमट राहिले की ते भराभर वाढतात आणि आपले विष सोडतात. पुन्हा गरम केले तरी ते विष जात नाही. वासही येत नाही, चवही बिघडत नाही. वाढप्याच्या हाताला फोड, जखम असेल तर तेथूनही असेच जंतू जातात.

तेव्हा मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती अशी, की पंगतीची वेळ आधी ठरवावी आणि चूल त्या हिशेबाने पेटवावी. शिजल्यापासून दोन तासांत वाढून संपले पाहिजे. लोक टप्प्याटप्प्याने येणार असतील तर भगरही टप्प्याटप्प्याने शिजवावी. आचारी कुरकुर करील, करू द्या. आमटीचे पातेले मंद आचेवर वाफाळते ठेवावे, हाताला चटका बसेल इतके. पाणी टँकरचे असेल तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर टाकून घ्यावी. उरलेला प्रसाद सकाळी घरोघर वाटण्याची प्रथा प्रेमाची आहे, पण भगरीच्या बाबतीत ती बंद करावी. देणगी म्हणून आलेली भगर चार ठिकाणची असते. एकाची पाच किलो, दुसऱ्याची दोन किलो, सगळी एकाच पिंपात ओतली की एक खराब पिशवी सगळ्या पंगतीला भोवते. देणगीदाराचा मान ठेवून त्याच्याकडून पैसे घ्यावेत आणि भगर एका ठिकाणाहून, एका बॅचची, पावतीवर आणावी. वाढण्यापूर्वी वाटीभर शिजलेली भगर आणि वाटीभर आमटी स्वच्छ डब्यात घालून, तारीख-वेळ लिहून, कोणाच्या तरी घरच्या फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवावी. त्याचा उपयोग काय, ते पुढे येईलच.

इतके करूनही त्रास झालाच तर? खाल्ल्यावर तासाभरात किंवा काही तासांत मळमळ, उलटी, पोटात मुरडा, जुलाब, चक्कर, हातापायांना थरथर, यांपैकी काहीही जाणवले तर उरलेली भगर खाणे त्याच क्षणी थांबवावे. "उपवास मोडेल" म्हणून औषध-पाणी न घेणाऱ्या माउल्या आपल्याकडे आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अशा वेळी त्यांना स्वतः आग्रह करावा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजीत राहावे. यात मीठ मोजून घालावे, अंदाजाने नको. हे पाणी साधे वाटते, पण १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजच्या अशाच पाण्यावर बनगाव येथे हजारो जीव वाचविले. शंभरातले तीसएक दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आले. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून रक्तात जाते, ही त्यातली गोम. आपण पिकविलेल्या उसाचा असाही एक उपयोग आहे, हे सभासदांना ऐकायला बरे वाटेल.

मात्र घरगुती उपायावर रात्र काढू नये. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले माणूस असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा गुंगी येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. एकाच घरात किंवा एकाच पंगतीत दोघा-चौघांना त्रास झाला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, म्हणजे बाकीच्यांना वेळीच गाठता येते.

आणि घाईघाईत भांडी घासून टाकू नयेत. उरलेली भगर, फोडलेले पाकीट, दुकानाची पावती आणि मंडळाने बाजूला काढलेल्या त्या दोन वाट्या, हे सगळे जपून ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्यावे. प्रशासनाचा विनाशुल्क दूरध्वनी १८००-२२२-३६५ असा आहे. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे गिऱ्हाइकालाही फी भरून आपण घेतलेल्या पदार्थाची तपासणी अन्न विश्लेषकाकडून करून घेता येते. त्यासाठी पाकीट आणि पावती हातात हवी. तेवढ्यासाठी उपवासाचे नऊ दिवस संपेपर्यंत रिकामे पाकीट चुलीत न टाकता फडताळात ठेवावे.